रुमालाखाली दाबलेली मूठ

दाजी, तुम्ही मला फसवलंत. बेल्ह्याच्या बैलबाजारात माझी हयात गेली. दात घासून जवान केलेला म्हातारा बैल मला कुणी विकू शकलं नाही. दारू पाजून शांत केलेला मारका बैल कुणी माझ्या गळ्यात मारू शकलं नाही. आणि तुम्ही, लोणी गावचे गिरणीवाले, ज्यांना मेथीची जुडीसुद्धा घासाघीस करून घेता येत नव्हती, तुम्ही नारायणगावच्या एका दुकानात बाकावर बसून, तोंडातून शब्द न काढता मला फसवलंत.

हे आधीच सांगून टाकतो, कारण बाकीच्यांनी तुमच्याबद्दल जे सांगितलं त्यात हे आलं नाही. दशक्रियेला घाटावर माईक लावला होता. प्रवचन झाल्यावर एकेक जण उठला. एकानं तुम्हाला तालुक्याची शान म्हटलं. एकानं तुमच्या वेगवान गोलंदाजीचं वर्णन केलं. त्यानं तुम्हाला कधी मैदानात पाहिलं नव्हतं हे त्याच्या मागं उभ्या असलेल्या तुमच्या सगळ्या संघाला ठाऊक होतं. एकानं तुमचं नाव संपतऐवजी संभाजी घेतलं, कुणीतरी कानात सांगितलं तेव्हा 'तेच ते' म्हणून पुढं बोलत राहिला. तुम्ही असता तर हसला असता. मला माईक दिला नाही. बायकोच्या भावाला दोन शब्द बोलू द्या, असं कुणी म्हटलं नाही, कारण अक्का काय म्हणते ते तोवर सगळ्या घाटाला कळलं होतं. अक्का, माझी थोरली बहीण, तुमची बायको, म्हणते की मी घेऊन दिलेल्या बुटांनी तुम्हाला मारलं.

आता तुमच्या नावानं चषक ठेवलाय. चाळिशीपुढच्या खेळाडूंची, लेदर बॉलची स्पर्धा. तुमच्या संघाचा कप्तान मुश्ताक, टेम्पो चालवतो तो, घरी आला आणि म्हणाला, शेठ, स्मरणिकेत तुमी दोन शब्द लिवा, घरच्या माणसानं लिवलं म्हंजी बरं दिसतं. मी म्हटलं, लिहितो, पण लिहीन ते सगळं छापायचं, एक ओळ कापायची नाही. त्यानं मान हलवली. सौदा झाला. त्यानं थोडा विचार करायला हवा होता.

तुमचे माझ्यावर काय उपकार आहेत ते आधी सांगतो, म्हणजे मी कृतघ्न आहे असं कुणी म्हणायला नको. मिसरूड फुटायच्या आधी मी दुसऱ्यांचे बैल बाजारातून गिऱ्हाइकाच्या गोठ्यापर्यंत चालवत नेत होतो. एकदा वाटेत बैल लंगडला, तर दलालानं पुढच्या बाजारी मला सगळ्यांसमोर त्याच बैलाच्या चाबकानं मारलं. तुम्हाला कुणीतरी गिरणीवर सांगितलं. तुम्ही अंगावर पीठ तसंच घेऊन मोपेडवर आलात. दलालाशी भांडला नाहीत, मला त्याचा राग आजही आहे. मला मागं बसवलंत, लोणीला आणलंत आणि अक्काला म्हणालात, ह्याला आता हितंच राहू दे. मी तुमच्या गिरणीत पोत्यांवर झोपलो, तुमच्या ताटात जेवलो, तुमच्या घरातून उठून पुन्हा बाजारात गेलो आणि त्या दलालाला त्याच बाजारातून उठवला. ह्या सगळ्यात तुम्ही कधी एक गोष्ट बोलून दाखवली नाही. तुमच्या गावात मला सगळे 'ए पोरा' म्हणायचे. तुम्ही पहिल्या दिवसापासून 'पावणं' म्हणालात. मला मानानं हाक मारणारा पहिला माणूस तुम्ही होता.

त्याच्या बदल्यात तुम्ही माझ्याकडून एवढंच घेतलंत, की कांदा काढलेल्या वावरात संध्याकाळी बॅट घेऊन उभं राहायचं. लांबून धावत यायचात, गिरणीचा पट्टा फिरावा तसा तुमचा हात फिरायचा आणि चेंडू माझ्या बरगडीत बसायचा. मी खाली बसलो की तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणायचात, बघून खेळा, पावणं. एवढ्या लाडानं दिलेला मार मला दुसरा आठवत नाही.

आणि आपलं एक भांडण होतं. ते मिटलं नाही. गिरणीवर बाई म्हणाली की पीठ कमी भरलंय, तर तुम्ही वजन न बघता वरून ओंजळ टाकायचात. बाजारात पहिला सांगितलेला भाव तुम्ही देऊन मोकळे व्हायचात. मला लाज वाटायची. मी म्हणायचो, दाजी, तुम्ही बाजाराला कीड लावताय, तुमच्यामागून येणाऱ्यालाही तो चढाच भाव सांगणार. तुमचं उत्तर ठरलेलं होतं. समोरच्याला जरा जिंकल्यावाणी वाटू दिलं तर आपलं काय जातं, पावणं? मी म्हणायचो, सगळं जातं. तुम्ही हसायचात आणि चहा सांगायचात. चहावाल्यालाही सुटे परत मागायचा नाहीत.

आता बुटांवर येतो. तुम्ही जन्मभर कॅनव्हासच्या बुटात गोलंदाजी केलीत. टेनिस बॉल होता तोवर चाललं. लेदर बॉलची, पोटं सुटलेल्यांची स्पर्धा सुरू झाली आणि तुम्ही पुन्हा पोरगे झालात. गिरणी लवकर बंद करून मैदानावर. अक्का कुरकुरायची, मी तिला म्हणायचो, राहू दे, दुसऱ्या कशाच्या नादी लागले नाहीत हे बघ. मग एके दिवशी तुम्ही मला म्हणालात की बॉलिंगचे चांगले बूट घ्यायचेत, जरा यावं. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, एवढ्या वर्षांनी ह्या माणसाला कळलं की खरेदीला मला न्यावं लागतं. मी म्हटलं, बूट माझ्याकडून. तुम्ही नको म्हणालात, मी ऐकलं नाही.

दुकानाबाहेर चहाच्या टपरीवर मी तुम्हाला समजावलं. ह्यात माझी काही चूक असेल तर दाखवा. गिऱ्हाइकाचं तोंड हा दुकानदाराचा तराजू असतो. पायात बूट घालून 'वा, मस्त बसला' म्हणालात की भाव तिथंच गोठला. म्हणून बोलायचं नाही. तोंड कडू ठेवायचं. आणि मला सांगायचं कसं, तर आमच्या बाजारासारखं. बेल्ह्याला घेणारा आणि देणारा हातावर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव ठरवतात, भोवतालच्या चारजणांना कळत नाही. आपण भाव नाही, बुटाचं बोलू. एक बोट दाबलंत तर बूट आवळतोय. दोन बोटं दाबलीत तर सैल. सगळी मूठ दाबलीत तर बरोबर. तुम्ही म्हणालात, पावणं, बूट घ्यायचेत का बैलजोडी? मी म्हटलं, गप बसा आणि मूठ विसरू नका.

आत गेल्यावर मी आधी लोखंडी खिळ्यांचा जोड उचलला. बैलाला नाल मारलेला बघायची सवय, लोखंड दिसलं की हात जातो. दुकानदारानं विचारलं, खेळायचं कुठं? तुम्ही सांगितलं, सिमेंटवर मॅट टाकतो आमी. तो म्हणाला, मग खिळे नकोत, मॅटमध्ये अडकतील आणि घोटा फिरेल, रबरी दाण्यांचे घ्या. इथवर मला त्याचं पटलं. मग त्यानं तुमचा डावा पाय हातात घेतला आणि लांबण लावली. फास्ट बॉलरचा पुढचा पाय जोरात आपटतो, आत पाय पुढं सरकतो, अंगठा टोकावर जाऊन आदळतो. म्हणून एक माप मोठं घ्यायचं, जाड मोजे घालायचे, घोट्यापर्यंत चढणारा घ्यायचा. आणि ते मोठं माप त्याच्याकडं नेमकं दुकानातल्या सगळ्यात महाग जोडात होतं. दाजी, तुम्हीच सांगा. समोरचा माणूस तुमच्या भल्याचं बोलतोय आणि त्याचं बोट नेमकं महाग खोक्याकडं वळतंय, तर बाजारात वाढलेला माणूस काय समजेल?

मी त्याला म्हटलं, आधी हा घालून बघू दे. तुमच्या नेहमीच्या मापाचा, पांढरा, निळ्या पट्ट्यांचा. मी टाच दाबून बघितली, तळवा वाकवून बघितला, शिवण नखानं ओढून बघितली. माल चांगला होता. तुम्ही तो घातलात, दुकानात दोनतीन पावलं टाकलीत आणि बाकावर येऊन बसलात. मी शेजारी बसलो. खिशातला रुमाल काढून घाम पुसल्यासारखं केलं आणि तो तुमच्या हातावर टाकला.

तुम्ही लगेच दाबलं नाहीत. हे मला आता आठवतं. तुम्ही खाली बघत होता. तुमचा हात माझ्या हातात गार, कोरडा, पीठ लागल्यासारखा. मग तुम्ही माझ्याकडं बघितलंत. आणि सगळी मूठ दाबलीत.

बैलबाजारात लोक दिवसभर खोटं बोलतात. मीही बोलतो. बैल आजारी असताना त्याला उपास आहे म्हणतो. पण रुमालाखालचं बोट खोटं बोलत नाही. तिथं दिलेलं माघारी घेता येत नाही, तिथं खोटी बोटं दाबणाऱ्याशी पुढं कुणी व्यवहार करत नाही. हे तुम्हाला मी टपरीवर सांगितलं होतं. तरी तुम्ही मूठ दाबलीत. मग मी माझं काम केलं. उठलो, 'नको' म्हणालो, दारापर्यंत गेलो, त्यानं बोलावलं, परत आलो, पुन्हा गेलो. त्या दिवशी मी ज्या भावात ते बूट आणले त्या भावात नारायणगावात कुणी आणले नसतील. परतताना तुम्ही गाडीत खोका मांडीवर घेऊन बसला होता. माझं कौतुक करत होता. मी खुश होतो, तुम्ही मला खुश बघत होता.

पुढच्या सामन्याला मी मुद्दाम आलो. तुमच्या वयाची माणसं दोन षटकांत पाय धरून बसतात, तुम्ही तुमची सगळी षटकं एका टोकानं सलग टाकलीत. डावा पाय असा आपटत होता की सीमारेषेवर आवाज यायचा. विकेट घेतल्यावर मुश्ताक यष्टींमागून पळत येऊन तुमच्या गळ्यात पडला. नंतर मंडपात मी सगळ्यांसमोर विचारलं, काय दाजी, बूट कसे आहेत? तुम्ही म्हणालात, लई भारी, पावणं. पायात हायेत का न्हाईत तेच कळत न्हाई.

सगळे हसले. मुश्ताक हसला नाही, तो पॅड सोडत राहिला. मी ते वाक्य बेल्ह्याच्या बाजारात, मंचरच्या बाजारात, जो भेटेल त्याला सांगितलं. माझ्या दाजींना बूट घातल्याचं कळतसुद्धा नाही, असा माल काढून आणला मी. महिना झाला नाही तोवर तुम्ही गेलात आणि ते सगळे लोक आता मला ते वाक्य परत ऐकवतात. तोंडानं नाही. नुसतं बघतात.

तुम्ही अक्काला सांगितलंत, बाभळीचा काटा मोडलाय. ताप आला तर सर्दीचा म्हणालात. मंचरच्या डॉक्टरांनी मोजा कापून काढला तेव्हा अंगठा काळा होता. पुण्याला नेलं. आधी अंगठा काढला, मग पाऊल, मग पाय आणखी वर कापायच्या आधी तुम्हीच गेलात. मी रोज तिथं होतो. एक दिवस तुम्ही शुद्धीवर असताना मी विचारलं, बूट आवळत होता का? तुम्ही मान दुसरीकडं वळवलीत. मला वाटलं, दुखतंय.

लोक मला म्हणतात, तुला बैल लांबून लंगडलेला कळतो, घरचा माणूस कळला नाही? मी काय सांगू? बैल लंगडतो, कारण त्याला दुखतं. तुम्हाला दुखत नव्हतं, म्हणून तुम्ही लंगडला नाहीत. माझ्याकडं बघायला जेवढं होतं तेवढं मी बघितलं.

हे मला कधी कळलं? दशक्रियेच्या दिवशी, घाटावर, भाषणं चालू असताना. मुश्ताक मला पाण्याच्या कडेला घेऊन गेला आणि रडायला लागला. मला वाटलं, मित्र गेला म्हणून रडतोय. मग त्यानं सांगितलं. हे सगळं बूट घ्यायच्या आधीचं. एका सरावानंतर तुम्ही त्याच्या टेम्पोत कॅनव्हासचा बूट काढलात तर आतून खडीचा एक खडा पडला. मोजा रक्तानं भरला होता. तेवढा वेळ तुम्ही त्या खड्यावर पाय आपटत गोलंदाजी केली होती. तो तुम्हाला तसाच डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनं डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला एक जाड दोरा टेकवला, जाणवला की सांगा म्हणाला. तुम्ही डोळे मिटून बसलात. थोड्या वेळानं म्हणालात, लावा की, डॉक्टर. डॉक्टर म्हणाला, लावून झाला.

साखरेनं पाय मेले होते. साखर आहे एवढं अक्काला माहीत होतं, ती चहात कमी घालायची. पाय मेलेत हे तुम्ही तिला सांगितलं नाहीत. डॉक्टरनं सांगितलं होतं की गोलंदाजी बंद, रोज पाय उलटून बघायचे, आणि बूट घालायचे तर आतून मोकळे, मापून घेतलेले, कारण आवळला तरी तुम्हाला समजणार नाही. मोकळे घ्यायचे एवढं ऐकून तुम्ही माझ्याकडं आलात. गोलंदाजी बंद हे तुम्ही ऐकलं नाहीत. आणि मुश्ताकला तुमच्या गळ्याची शपथ घातलीत, वहिनीला सांगायचं न्हाई, खेळ बंद करील ती.

म्हणजे बघा. दुकानदार मोठं माप सांगत होता. डॉक्टरनं तेच सांगितलं होतं. दोघांचंही तुम्हाला ठाऊक होतं. मलाच काही ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही मला, रुमालाखाली, मूठ दाबून सांगितलंत की बरोबर आहे. तुम्हाला तिथं काही कळतच नव्हतं. तुम्ही अंदाजानं दाबलीत.

का दाबलीत? मी ह्यावर फार विचार केलाय. एक उत्तर असं, की 'कळत नाही' ह्याला आपण बोट ठरवलं नव्हतं. पण तुम्हाला तोंड होतं. बाहेर येऊन सांगता आलं असतं. दुसरं उत्तर असं, की मला कळलं तर मी अक्काला सांगेन ही भीती. हे मी मान्य करतो, मी सांगितलंच असतं. तिसरं उत्तर मला झोपू देत नाही. मी त्या दुकानदाराला हरवायला निघालो होतो आणि ते तुम्हाला माझ्या तोंडावर दिसत होतं. तुम्ही खाली पायाकडं बघितलंत, मग माझ्याकडं बघितलंत, आणि मला जिंकू दिलंत. गिरणीवरच्या बाईला ओंजळभर पीठ वरून टाकावं तसं. तसं असेल तर दाजी, मी तुम्हाला माफ करणार नाही. तुमचं काय जातं, विचारायचात ना? बघितलंत काय गेलं ते. ते भांडण मी जिंकलो. मला असं जिंकायचं नव्हतं, पण जिंकलो ते जिंकलो, आणि तुम्ही आता चहा सांगून ते टाळू शकत नाही.

तेराव्याला माहेरचा दुखवटा असतो. भावानं लुगडं घेऊन जायचं, बहिणीनं ते अंगावर घ्यायचं, मग ते घर पुन्हा रोजच्या कामाला लागतं. मी जुन्नरला जाऊन लुगडं घेतलं. त्या लुगड्याची मी घासाघीस केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेला भाव दिला. लोणीला आलो तर अक्का ओट्यावर आली. तिनं लुगडं हातात घेतलं नाही. आत गेली, तो बुटांचा जोड घेऊन आली आणि ताटातल्या लुगड्यावर ठेवला. डाव्या बुटाचा आतला तळ काळा, कडक झाला होता.

ती म्हणाली, "बैल घेतल्यावाणी बूट घेतलास, दत्ता. भाव पाडलास, आन् माणूसबी पाडलास. जा घिऊन."

सगळी भावकी उभी होती. मी तिला सांगितलं, अक्का, दाजींना पाय कळत नव्हते, त्यांनी आपल्या सगळ्यांपासून लपवलं. मुश्ताक तिथंच, मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. तुमची शपथ पाळली त्यानं.

अक्का म्हणाली, "मेलेलं माणूस उलटून बोलत न्हाई म्हणून त्याच्यावर ढकलतो का? रोज ह्या हातानं पाय दाबलेत मी त्यांचे. मला कळलं नसतं?"

हे ऐकून मला कळलं की तुम्ही तिलाही फसवलंत. ती पाय दाबायची आणि तुम्ही 'हां, आता बरं वाटतंय' म्हणायचात. रोज. तिच्या हाताखाली काही नसताना. माझ्याशी तुम्ही एकदा खोटं बोललात, तिच्याशी किती दिवस बोलत होता ते तुमचं तुम्हाला माहीत. तिचं बरोबर आहे, कुणालाही वाटेल की एवढं पाय दाबणारीला कळलं असतं. ती माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. ठेवला तर तिला मानावं लागेल की ती रोज मेलेले पाय दाबत होती आणि तुम्ही तिला गोड बोलत होता. त्यापेक्षा भाऊ खुनी आहे हे सोपं पडतं.

मला आता माहेर राहिलं नाही, दाजी. पुरुषाला माहेर नसतं म्हणतात, मला होतं. तुमचं घर. तिथल्या पोत्यांवर मी मोठा झालो. बाजारात कुणाला चार पैशांनी हरवलं की मी ते सांगायला तिथंच यायचो. त्या घराच्या ओट्यावरून मला ताटासकट परत पाठवलं, आणि ज्याच्या एका वाक्यानं ते थांबलं असतं तो खांबाला टेकून उभा होता.

तुमची आठवण येते का, असं विचाराल तर येते. संध्याकाळी बाजार उठल्यावर कुणीतरी मागून 'पावणं' म्हणेल असं वाटतं. पण आठवण आली की राग येतो, आणि राग आला की मला बरं वाटतं, कारण रागात तुम्ही जिवंत असता. तुमच्यावर ओरडता येतं. तुम्ही काही चांगलं मरण मेला नाहीत. मैदानावर छातीत कळ येऊन पडला असता तर मी तुम्हाला वीर म्हटलं असतं. तुम्ही खोटं बोलून मेलात, हळूहळू, एक एक तुकडा कापत, आणि प्रत्येक तुकडा माझ्या नावावर लावून गेलात.

आता मुश्ताक, हे तुझ्यासाठी. तू वाचतोयस, कारण छापायचं तुलाच आहे. तू वाईट माणूस नाहीस. तू त्यांना डॉक्टरकडं नेलंस, आम्हा घरच्यांनी तेवढंही केलं नाही. पण शपथ घालणारा गेला. त्याला आता कुणी खेळायचं बंद करू शकत नाही. मग तू ती शपथ कुणासाठी सांभाळतोयस? मला मंडपातल्या चषकावर माझ्या दाजींचं नाव नको. मला लोणीच्या त्या ओट्यावर तू हवा आहेस, स्पर्धेचा पहिला चेंडू पडायच्या आधी. खडा, मोजा, दोरा, डॉक्टर काय म्हणाला, शपथ कशी घातली, सगळं माझ्या बहिणीसमोर मोठ्यानं सांगायचं. मी खाली अंगणात उभा राहीन, मध्ये बोलणार नाही. तुझं सांगून झालं की ती तुला एकच विचारील. तुला सगळं ठाऊक होतं, तर त्यांच्या हातात चेंडू दिला कुणी? त्याचं उत्तर मी देणार नाही, आणि ज्यांनी द्यायचं ते आता नाहीत. ते तुला द्यावं लागेल.